आधीं पाहणी, मग मांडणी

आपल्याकडे कोणी नवें घर बांधावयास काढिलें म्हणजे त्यास विचारावयाच्या प्रश्नांना तोटा नसतो. स्वयंपाकघर कोणत्या दिशेस, विहीर कोठें, देवघराचें तोंड कोणीकडे, पागोळ्यांचें पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर तर पडत नाहीं ना, खिडकी त्याच्या अंगणावर तर उघडत नाहीं ना, अशा अनेक गोष्टींचा विचार पायाचा दगड बसविण्यापूर्वीं होतो. त्यांतले कांहीं प्रश्न श्रद्धेचे, कांहीं सोयीचे. पण पागोळीचा प्रश्न मात्र खऱ्या अर्थानें नागरिकशास्त्राचा आहे. आपल्या छपरावरचें पाणी दुसऱ्याच्या दारीं जाऊं नये, हें तत्त्व आपल्या खेड्यापाड्यांनीं कोणत्याहि कायद्याची वाट न पाहतां मान्य केलेलें होतें. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहों तो या पागोळीचाच थोरला भाऊ होय. नव्या इमारतींतून पाण्याप्रमाणेंच माणसें व वाहनें बाहेर पडतात, आणि तीं कोणाच्या तरी दारावरून जातात. तीं किती, केव्हां व कोणत्या वाटेनें जाणार, हें इमारतीस परवानगी देण्यापूर्वीं मोजावें कीं नाहीं, आणि मोजावें तर कोणीं, हा तो प्रश्न आहे.

प्रश्न सर्वच शहरांचा असला तरी तो नीट पाहण्यास थेरगांवासारखें ठिकाण क्वचित् सांपडेल. पवना नदीच्या एका तीरास मोरया गोसावींचें व चापेकर बंधूंचें चिंचवड. दुसऱ्या तीरास थेरगांव. एके काळीं हें शेतकऱ्यांचें लहानसें गांव होतें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आलें, आणि नदीपलीकडे कारखान्यांची रांग उभी राहिली. १९७० त पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली. १९८२ त तिचें महानगरपालिकेंत रूपांतर झालें. १९९१ च्या खानेसुमारींत पांच लाखांवर असलेली येथील लोकसंख्या २००१ मध्यें दहा लाखांवर व २०११ मध्यें सतरा लाखांवर गेली. गेल्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडे हिंजवडीची संगणक-वसाहत वसूं लागली. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाला. आणि नदीकांठचें हें गांव पाहतां पाहतां दोन मोठ्या प्रवाहांच्या संगमावर येऊन पडलें. सांगवीकडून रावेत-किवळ्याकडे जाणारा रस्ता व चिंचवडाहून हिंजवडीकडे जाणारा रस्ता हे डांगे चौकांत एकमेकांस छेदतात. कारखान्याची पाळी गांठणारा कामगार, हिंजवडीस जाणारा संगणकतज्ज्ञ, शाळेची गाडी आणि रुग्णवाहिका या सर्वांची सकाळ या एका चौकाशीं बांधलेली आहे. चौकाभोंवतीं उठलेल्या प्रत्येक इमारतीस कोणी तरी परवानगी दिली. परवानगी देतांना चौकाचें मत मात्र कोणी विचारिलें नाहीं.

इमारत व रहदारी यांचा संबंध ही कांहीं आजच्या युगानें लाविलेली शोध नव्हे. तो संबंध फार जुना आहे. ज्यूलिअस सीझरच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, इ. स. पूर्वीं ४५ च्या सुमाराच्या रोमन कायद्यांत, सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत रोम शहरांत मालाच्या गाड्या आणण्यास मनाई केलेली आढळते. त्याच कायद्यांत एक अपवाद आहे, आणि तो मोठा बोलका आहे. देवळांच्या व सार्वजनिक बांधकामांच्या सामानाच्या गाड्यांस ही मनाई लागू नव्हती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींहि बांधकामाचा भार रस्त्यावर पडतो हें राज्यकर्त्यांस कळलें होतें, आणि तेव्हांहि सवलत मिळाली ती बांधकामालाच!

आपल्या प्रांतांत या विचाराचा आरंभ रोगराईनें झाला. १८९६ त मुंबईंत प्लेग शिरला व त्याच्या धसक्यानें १८९८ त मुंबईची ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था निघाली. दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून तिनें रुंद रस्ते काढिले. सँडहर्स्ट रोड हा त्यांपैकींच एक. परंतु रस्त्याच्या जागेवरून उठविलेलीं बिऱ्हाडें कोठें जाणार याचा हिशोब पुरता न झाल्यामुळें त्यांतलीं पुष्कळशीं शेजारच्या चाळींत जाऊन दाटलीं. एका ठिकाणची दाटी मोडतांना ती दुसऱ्या ठिकाणीं जाते, हा नगररचनेचा पहिला धडा मुंबईनें असा शिकविला.

हा धडा ज्यानें शास्त्राच्या पदवीस नेला तो स्कॉटलंडचा पॅट्रिक गेडीस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आला. त्याच्या पुढल्याच वर्षीं, १९१५ सालीं, मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. या विषयावरील हिंदुस्थानांतला तो पहिला कायदा. १९१९ त मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांची शाखा उघडली तेव्हां तिचा पहिला प्राध्यापक गेडीसच होता. पुढें त्याच्या जागीं डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये आले. गेडीसनें होळकरांच्या इंदुरासाठीं १९१८ सालीं लिहिलेला अहवाल प्रसिद्ध आहे. त्याच्या शिकवणुकीचें सार दोन शब्दांत सांगतां येतें: आधीं पाहणी, मग मांडणी. वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. नगररचनाकारानेंहि गल्लीबोळांतून पायीं हिंडून, तेथील माणसें कशीं राहतात व कोणत्या वाटेनें जातात तें पाहून, मगच कागदावर रेघ ओढावी, असें तो म्हणे. आज ज्यास रहदारीच्या परिणामांचा अभ्यास म्हणतात त्याचें मूळ, आमच्या मतें, येथेंच आहे.

कायद्यानें गेडीसची शिकवण अर्धी घेतली व अर्धी सोडली. १९१५ नंतर १९५४ चा कायदा आला, आणि त्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. तोच आज चालू आहे. या अधिनियमाच्या २५ व्या कलमाप्रमाणें विकास आराखडा करण्यापूर्वीं सद्यःस्थितीचा नकाशा करावा लागतो. २६ व्या कलमाप्रमाणें प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आणि ३८ व्या कलमान्वयें वीस वर्षांनीं आराखड्याची उजळणी होते. येथपर्यंत पाहणी आधीं व मांडणी मागून, हा क्रम पाळलेला आहे. पण शहर वीस वर्षांतून एकदां वाढत नाहीं. तें रोज वाढतें. रोजची वाढ होते ती ४५ व्या कलमाखालीं मिळणाऱ्या बांधकाम-परवानगीनें, आणि त्या परवानगीच्या वेळीं मुख्यतः पाहिला जातो तो एक भूखंड: त्याची हद्द, सभोंवार सोडावयाची जागा, उंची, आणि आवारांत वाहनें उभीं करावयाची सोय. आराखडा शहराकडे पाहतो व परवानगी भूखंडाकडे पाहते. या दोहोंच्यामध्यें जो रस्ता आहे त्याच्याकडे पाहणारें कोणी उरत नाहीं.

या उणीवेची किंमत कशी द्यावी लागते हें थेरगांवानें २०१७ सालीं पाहिलें. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण हें १९७२ सालीं कारखान्यांतील कामगारांस घरें मिळावींत या हेतूनें स्थापन झालें. त्यासाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यांत आल्या, व त्या मोबदल्यांतील साडेबारा टक्के परताव्याचा वाद पुढें दशकानुदशकें चालला. प्राधिकरणाच्या क्षेत्रांत एका वर्तुळाकार मार्गाची आंखणी झालेली होती. रुंदी ३० मीटर. कागदावरचा हा मार्ग थेरगांव, काळेवाडी, रहाटणी, पिंपळे गुरव या भागांतून जात होता. परंतु रेघ ओढल्यावर रस्ता झाला नाहीं. कारखान्यांकडे येणारा माणूस मात्र रोज येत होता, व त्यास परवडेल अशा किंमतींत अधिकृत घर मिळत नव्हतें. त्यानें अर्धा गुंठा, एक गुंठा जमीन घेतली, मुद्रांकाच्या कागदावर व्यवहार केला, आणि आयुष्याची पुंजी घालून दोन खोल्या उभ्या केल्या. वीसएक वर्षांनीं तो वर्तुळाकार मार्ग काढण्यासाठीं घरें पाडण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हां त्या मार्गावर घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या. बायामाणसें, म्हातारेकोतारे रस्त्यावर आले व घरें वाचविण्याची मोठी चळवळ उभी राहिली.

या प्रकरणीं एका पक्षास सर्वस्वीं दोषी ठरविणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. आराखड्यांतल्या मार्गावर घर बांधणें हें नियमाविरुद्ध होतें, हें खरें. परंतु ज्या शहरानें कारखान्यांस आमंत्रण दिलें, त्यानें त्या कारखान्यांबरोबर येणाऱ्या माणसांची मोजदाद केली असती, तर तीं कोठें राहतील व कोणत्या वाटेनें कामावर जातील याचें उत्तर त्यास आधींच शोधावें लागलें असतें. रस्ता कागदावर होता व माणसें जमिनीवर होतीं. दोहोंची गांठ पडली ती बुलडोझरच्या तोंडीं. १९९० नंतरच्या वाढीची खरी मोजणी वेळेवर झाली असती तर रस्ता तरी आधीं झाला असता, किंवा त्याची रेघ तरी वेळीच बदलली असती. २०२१ सालीं तें प्राधिकरण पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणांत विलीन झालें, व विकसित झालेला भाग महानगरपालिकेकडे आला. २०२५ च्या मे महिन्यांत महानगरपालिकेनें नवा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हां त्यावर हजारों हरकती आल्या. एवढ्या हरकती येणें हें लोक जागे असल्याचें लक्षण आहे. पण पाहणी लोकांच्या डोळ्यांदेखत झाली नाहीं म्हणजे मांडणीवर विश्वास बसत नाहीं, याचेंहि तें लक्षण आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, परवानगी देतांना रस्त्याचा विचार मुळींच होत नाहीं असें कसें म्हणतां? हा आक्षेप रास्त आहे व त्यास उत्तर दिलें पाहिजे. डिसेंबर २०२० पासून मुंबई व कांहीं क्षेत्रें वगळून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणें किती मजली बांधकाम करतां येईल हें समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतें. दाट गांवठाण वगळतां, महानगरपालिकेच्या हद्दींत ९ ते १२ मीटर रुंदीच्या रस्त्यावर मूळचा, अधिमूल्य भरून मिळणारा व हस्तांतरित हक्कांचा मिळून चटईक्षेत्र निर्देशांक २ पर्यंत जातो. ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर तो ३ पर्यंत जातो. पूरक क्षेत्र याहून वेगळें. म्हणजे रस्ता रुंद तर इमारत मोठी, असा हा हिशोब आहे. कांहींच हिशोब नसण्यापेक्षां हा बरा, हें आम्ही मान्य करतों. परंतु यांत तीन गोष्टी सुटतात. पहिली ही कीं, रस्त्याची रुंदी मोजली जाते ती दारासमोर. रहदारी मात्र तुंबते ती चौकांत व पुलावर. दुसरी ही कीं, त्याच रस्त्यावर आणखी किती इमारती उठल्या व उठणार आहेत याची बेरीज होत नाहीं. आणि तिसरी ही कीं, हस्तांतरणीय विकास हक्क एका जागीं जन्मास येतात व दुसऱ्या जागीं वापरले जातात. त्यामुळें रस्त्यासाठीं जमीन दिली एका वस्तीनें, आणि त्या मोबदल्याचे मजले चढले दुसऱ्याच वस्तीच्या डोक्यावर, असें होऊं शकतें.

या गोष्टी आंकड्यांनीं अधिक स्पष्ट होतील. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, एका चौकास मिळणाऱ्या एका रस्त्यावर वीस भूखंड आहेत व प्रत्येकावर ऐंशी बिऱ्हाडांची इमारत झाली. एकूण बिऱ्हाडें सोळाशें झालीं. त्यांपैकीं निम्म्या बिऱ्हाडांनीं सकाळच्या एकाच तासांत एकेक मोटार बाहेर काढिली तर आठशें मोटारी होतात. आतां चौकाकडे पाहूं. हिरवा दिवा अखंड राहिला तर मोटारींच्या एका ओळींतून तासास सुमारें अठराशें मोटारी जाऊं शकतात, असें रहदारीशास्त्र मानतें. पण चौक चार दिशांचा. या रस्त्याच्या वांट्यास हिरव्या दिव्याचा तिसरा हिस्सा आला तरी एका ओळींतून सहाशेंच मोटारी सुटतील. दोनशें मोटारी पुढल्या तासाच्या माथीं बसल्या. आणि मागून येणारी दुसऱ्या वस्त्यांची रहदारी तर अजून आम्हीं मोजलीहि नाहीं. या वीस इमारतींपैकीं एकीवरहि ठपका ठेवतां येत नाहीं, कारण प्रत्येक नियमांत बसते. दोष आहे तो बेरजेंत, आणि बेरीज करणें हें कोणाचेंच काम ठरलेलें नाहीं.

बेरजेचें हें काम आपल्या देशांत थोडेफार आलें तें पर्यावरणाच्या दारानें. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं १९९४ सालीं आघात-मूल्यांकनाची अधिसूचना निघाली. ती मुख्यतः कारखाने, खाणी, धरणें यांच्यासाठीं होती. २००४ सालीं मोठीं बांधकामें तिच्या कक्षेंत आलीं. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेनें २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामास पूर्व-मंजुरी आवश्यक केली, आणि १,५०,००० चौरस मीटरांच्या किंवा ५० हेक्टरांच्या पुढील प्रकल्पांस वसाहत मानून अधिक कडक चौकशी लाविली. अर्जाच्या नमुन्यांत वाहनें उभीं करण्यास जागा अपुरी पडेल काय, सध्याची रहदारीची व्यवस्था कशी आहे, प्रकल्पाच्या येण्याजाण्याच्या दारांशीं कोणती व्यवस्था करणार, आंतले रस्ते, पायवाटा, सायकलींचे मार्ग कसे असतील, असे प्रश्न आहेत. पुढें मंजुरीच्या ठरावीक अटींत, प्रकल्पापासून ५ किलोमीटरांच्या परिघांतील रस्त्यांची स्थिति खालावूं नये असा रहदारीचा आराखडा करावा, व तो त्या परिघांतील सर्व बांधकामांचा एकत्रित परिणाम धरून करावा, असेंहि आलें. शब्द उत्तम आहेत. गेडीस असता तर त्यासहि ते आवडले असते.

पण वर दिलेल्या उदाहरणाकडे पुन्हां पाहूं. ऐंशी बिऱ्हाडांची एक इमारत सरासरीनें ८,००० चौरस मीटरांची धरली तर ती २०,००० च्या पुष्कळ खालीं राहते. तिला हे प्रश्न कोणी विचारीत नाहीं. अशा वीस इमारतींचें क्षेत्र १,६०,००० चौरस मीटर होतें. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें जी वसाहत ठरावी तीहून तें मोठें! एका मालकानें एकदम बांधलें असतें तर ज्याची कडक चौकशी झाली असती, तेंच वीस मालकांनीं दहा वर्षांत बांधल्यास चौकशीवांचून उभें राहतें. रस्त्यास मात्र मालक एक कीं वीस हें समजत नाहीं. शिवाय २००६ च्या अधिसूचनेनें इमारती व वसाहती यांना जनसुनावणीच्या बंधनांतून वगळलें. त्यामुळें ज्यांच्या दारावरून वाहनें जाणार त्यांस बोलण्याची संधि तेथें नाहीं. आणि अभ्यास करणारा तज्ज्ञ नेमतो कोण, तर प्रकल्पाचा मालकच. तज्ज्ञ प्रामाणिक असला तरी माल ज्याचा त्याचाच तराजू, ही रीत आपण साध्या भाजीबाजारांतहि पत्करीत नाहीं.

मोजणी न केल्यानें काय होतें याचें सर्वांत दुःखद उदाहरण मुंबईचें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर गिरणगांवांतील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गिरण्यांची जमीन सुमारें ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमानें या जमिनीचे तीन वांटे ठरविले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठीं, एक स्वस्त घरांसाठीं, एक मालकांसाठीं. २००१ सालीं नियम बदलला व हा वांटा केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला. प्रकरण न्यायालयांत गेलें. २००५ सालीं उच्च न्यायालयानें पर्यावरणवाद्यांच्या बाजूनें दिलेला निकाल मार्च २००६ त सर्वोच्च न्यायालयानें फिरविला. गिरण्यांच्या जागीं कचेऱ्यांचे मनोरे व बाजार उभे राहिले. जेथें कामगार पायीं चाळींतून गिरणींत जात तेथें आतां लोकलनें दूरदूरचे नोकरदार येऊं लागले. स्थानकें, जिने व पूल मात्र गिरण्यांच्या काळचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं पावसाच्या सरींत एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली व २३ माणसें मेलीं. त्यानंतर लष्कराच्या मदतीनें नवा पूल बांधून तो २०१८ च्या फेब्रुवारींत खुला करण्यांत आला. जो पूल काहीं महिन्यांत होऊं शकत होता, तो तेवीस प्रेतें पाहिल्यावर झाला. जमिनीचे वांटे कसे करावे यावर सरकार, मालक व न्यायालयें यांनीं वर्षानुवर्षें वाद घातला. त्या जमिनीवर येणारा माणूस कोणत्या जिन्यानें उतरेल हा प्रश्न त्या वादांत मागेंच राहिला.

परदेशांत हा विचार कसा वाढला हेंहि थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांत १९६३ सालीं कॉलिन ब्युकॅनन याचा शहरांतील रहदारीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. प्रत्येक रस्त्यास एक सहनशक्ति असते; तीहून अधिक वाहनें तेथून गेलीं तर तीं जाऊं शकतील, पण तेथें माणसांस राहणें अशक्य होईल, हा त्याचा मुख्य विचार. अमेरिकेंत १९६५ पासून रस्त्याच्या स्थितीस अक्षरांनीं श्रेणी देण्याची पद्धत रूढ झाली. कॅलिफोर्नियानें १९७० त पर्यावरणाचा कायदा केला, आणि १९७२ त तेथील सर्वोच्च न्यायालयानें, सरकारी परवानगी लागणारें खाजगी बांधकामहि या कायद्याखालीं येतें, असा निर्णय दिला. तेव्हांपासून नव्या इमारतीमुळें चौकाची श्रेणी किती उतरेल हें मोजणें तेथें नित्याचें झालें.

पण याचा शेवट आपण विशेष लक्षांत घेतला पाहिजे. पन्नास वर्षांच्या अनुभवानें कॅलिफोर्नियास असें दिसून आलें कीं, मोजमाप चुकीचें असल्यास मोजणीनेंहि अनर्थ होतो. चौकांत मोटारी किती खोळंबतात एवढेंच मोजल्यामुळें शहराच्या मध्यभागीं, बसच्या व रेल्वेच्या जवळ, घर बांधणें कठीण झालें. कारण तेथील चौक आधींच भरलेले. दूर माळावर बांधणें सोपें झालें. कारण तेथील चौक रिकामे. परिणामीं लोक दूर गेले व अधिक मोटारी घेऊन परत शहरांत आले. म्हणून तेथें २०१३ सालीं कायदा बदलला, आणि २०२० च्या जुलैपासून खोळंबा मोजण्याऐवजीं, प्रकल्पामुळें एकूण किती अंतर मोटारी धांवतील, हें राज्यभर मोजलें जाऊं लागलें. आपण आज आरंभ करीत असूं तर त्यांनीं अर्धशतक घालवून शिकलेला धडा आपल्यास विनामूल्य मिळत आहे. थेरगांवाच्या रस्त्यावरून सांगवी-किवळे हा बसचा स्वतंत्र मार्ग २०१५ सालीं सुरू झाला. एका बसमध्यें पन्नास माणसें असतात. ती चौकांत अडली तर पन्नास माणसें अडतात. मोटार एक व बस एक असें मोजणें म्हणजे शंभराची नोट व एक रुपयाचें नाणें यांना दोन नग म्हणण्यासारखें आहे.

या अभ्यासाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात व त्यांत तथ्य आहे. एक असा कीं, प्रत्येक नवी अट शेवटीं घराच्या किंमतींत उतरते, आणि ज्यास घर नाहीं त्यासच ती भोंवते. थेरगांवच्या गुंठ्यावरील घरांची कथा सांगितल्यावर हा आक्षेप आम्हांस हलका मानतां येणार नाहीं. अधिकृत घर महागलें म्हणूनच अनधिकृत घर जन्मास आलें. दुसरा असा कीं, जे आधीं येऊन बसले ते रहदारीचें निमित्त करून मागून येणाऱ्यांस दार लावून घेतात. हें जगांत सर्वत्र घडलेलें आहे. या दोन्ही आक्षेपांचें उत्तर एकच. अभ्यास हा घर नाकारण्याचें हत्यार होऊं नये. घराबरोबर काय आणखी लागेल याची ती यादी असावी. एवढीं माणसें येणार तर एवढे पदपथ, एवढ्या बसगाड्या, हा एक पूल, हा एक जिना, आणि त्याचा खर्च अमक्यानें अमक्या वर्षापर्यंत करावयाचा, असें तिचें रूप हवें. १९९२ पासून आपल्या कायद्यांत बांधकामावर विकास शुल्क घेण्याची तरतूद आहे. पैसा घेण्याचा मार्ग आहे. घेतलेला पैसा त्याच चौकाशीं बांधून ठेवण्याची शिस्त हवी.

ही शिस्त यावयाची तर, आमच्या अल्प मतीस वाटतें, चार गोष्टी व्हाव्या. मोजणी इमारतीगणिक न होतां चौकागणिक व्हावी. प्रत्येक चौकाची एक खातेवही असावी, व नव्या इमारतीचा भार, ती लहान असो वा मोठी, त्या वहींत नांवें पडावा. मोजणारा महानगरपालिकेनें नेमावा व खर्च बांधणाऱ्यानें द्यावा. पायीं जाणारा, सायकलवाला व बसमधील उतारू यांची गणती मोटारीच्या आधीं व्हावी. आणि लोक राहावयास आल्यावर दोन-तीन वर्षांनीं पुन्हां मोजून, भाकीत कितपत खरें ठरलें तें मराठींत प्रसिद्ध करावें. यास आणखी एक अडचण आहे ती हद्दीची. हिंजवडीची वसाहत औद्योगिक महामंडळाची, भोंवतालचा प्रदेश २०१५ त स्थापन झालेल्या महानगर प्राधिकरणाचा, आणि डांगे चौक महानगरपालिकेचा. काम एकाच्या हद्दींत निर्माण होतें, घर दुसऱ्याच्या, व खोळंबा तिसऱ्याच्या. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची कोनशिला डिसेंबर २०१८ त बसली, म्हणजे संगणक-वसाहत वसूं लागल्यावर सुमारें वीस वर्षांनीं. तिन्ही दप्तरांची खातेवही एक असती तर ती कोनशिला कदाचित् दहा वर्षें आधीं बसली असती.

नगररचना हें शास्त्र अवघड असलें तरी त्याचा पाया अवघड नाहीं. आपल्या पागोळीचें पाणी कोठें जातें हें खेड्यांतला अशिक्षित शेतकरीहि पाहत असे, कारण पाणी शेजाऱ्याच्या भिंतींत मुरलें तर दुसऱ्या दिवशीं त्याच्या तोंडास तोंड द्यावें लागे. शहरांत तो शेजारी दिसेनासा झाला आहे. तो चार चौक पलीकडे खोळंबलेल्या बसमध्यें उभा आहे, किंवा अरुंद जिन्यावर गर्दींत आहे. त्यास दृष्टीआड होऊं न देणें हें कायद्याचें काम, आणि कायदा तें करीत नसेल तर हरकतीच्या कागदावर सही करणाऱ्या आम्हां सुशिक्षितांचें काम. प्रारूप आराखड्यावर हरकत लिहितांना आपल्या भूखंडावर कोणतें आरक्षण पडलें एवढेंच पाहण्याची आपली रीत आहे. तिच्या जोडीस, आपल्या चौकाची मोजणी कोठें आहे ती दाखवा, अशी एक ओळ जरी प्रत्येकानें लिहिली, तरी पुढल्या वीस वर्षांत थेरगांवास घर व रस्ता यांपैकीं एकाची निवड करण्याची पाळी येणार नाहीं.